भादव्यातली डाळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुमच्याशी चोरीबद्दल बोलणार आहे. विषय ऐकून कुणी लगेच रेडिओचा कान पिळू नये. सोन्यानाण्याच्या किंवा बँकांतल्या कोट्यवधींच्या चोरीबद्दल बोलण्याइतकी माझी पोच नाही. पावभर डाळ, तेलाची एखादी पिशवी, बिस्किटांचा पुडा, एवढ्याच चोरीपुरतं मला बोलायचं आहे. पोटासाठी अशी चोरी करणाऱ्या माणसावर दया करावी की करू नये, हा प्रश्न आहे. तुम्ही म्हणाल, कवीला विचारलं तर उत्तर ठरलेलंच. कवी दया करायला नेहमीच तयार असतात, कारण गेलेली डाळ त्यांची नसते. पण मी दुकानदाराचा मुलगा आहे. डाळ आमची होती.

आमचं गाव शेंदूरजनाघाट. अमरावती जिल्ह्यातला वरुड तालुका, सातपुड्याचा पायथा, डोंगरापलीकडे मध्य प्रदेश. संत्र्यासाठी आमचा भाग ओळखला जातो आणि संत्र्याच्या कलमांसाठी आमचं गाव. बाहेरचा माणूस येतो, हिरवेगार बगीचे बघतो आणि म्हणतो, इथं काय कमी आहे? खरंच आहे. बगीचा ज्याचा आहे त्याला चांगल्या वर्षी काही कमी नसतं. पण बगिच्यात खुरपणारे, फळ तोडणारे, पेट्या भरणारे हात दुसऱ्यांचे असतात. त्या हातांना बारा महिने काम नसतं. आंबिया बहाराची तोडाई दिवाळीच्या मागेपुढे सुरू होते, कापसाची वेचणीही तेव्हाच लागते. ज्वारी त्याच्याही नंतर घरात येते. त्याच्या आधीचे दोन महिने, श्रावण आणि भादवा, फार लांब असतात. जुनं धान्य संपलेलं, नवं शेतात उभं. निंदणाची कामं सरलेली. झाडावर हिरवं फळ लटकलेलं दिसतं, पण त्याला हात लावायची वेळ आलेली नसते. आमच्याकडे सण त्याच दिवसांत येतात आणि उपासही त्याच दिवसांत घडतात.

अब्बांचं बाजारओळीत लहानसं किराणा दुकान होतं. गोष्ट १९८२ च्या भादव्यातली. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होतो. शाळा सुटली की गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसायचो. दुकानापुढे पोती मांडलेली असत, तोंडं दुमडून उघडी ठेवलेली. तूर डाळ, चणा डाळ, ज्वारी, तांदूळ. गिऱ्हाईक हात घालून दाणा बघायचं, दाताखाली धरायचं, मग भाव विचारायचं. अब्बा आत तराजूपाशी आणि मी बाहेर नजर ठेवायला. ही नजर ठेवायची नोकरी मला फार आवडायची. मोठं झाल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी एक बाई आली. आमच्याच गावातली, मजुरी करणारी. तिनं मीठ घेतलं, पैसे दिले. वळताना वाकली आणि तुरीच्या पोत्यात दोनदा हात घालून पदराखाली नेला. मी पाहिलं आणि ओरडलो, ‘चोर! चोर! अब्बा, डाल चुराई!’

बाजाराची ओळ ती. दहा माणसं लगेच जमली. कुणी म्हणालं, ‘काहून वं बाई, दिवसाढवळ्या?’ कुणी म्हणालं, ‘ठाण्यात न्या इले.’ एकजण तिचा पदर ओढायला पुढं झाला. ती काहीच बोलली नाही. पदर दोन्ही मुठींनी पोटाशी धरून उभी राहिली. मला अजून त्या मुठी आठवतात. चेहरा आठवत नाही, कारण तिनं तो वर केलाच नाही.

अब्बा बाहेर आले. त्यांनी गर्दीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, ‘अरे, कायची चोरी? मीच नेय म्हनलं होतं. वहीत लिवायचं राह्यलं.’ मग आत गेले, उधारीची लाल वही काढली आणि सगळ्यांसमोर तिच्या नावावर लिहिलं, तूर डाळ, पाव किलो. लोक पांगले. तमाशा संपल्याचं वाईट वाटलेले एकदोघे जरा रेंगाळले, मग तेही गेले. बाई गेली.

मला वाटलं, रात्री शाबासकी मिळेल. निदान अब्बा लोकांशी खोटं का बोलले ते तरी सांगतील. जेवताना ते एवढंच म्हणाले, ‘तेरेको दाल दिखी, भादवा नहीं दिखा?’

श्रोतेहो, इथं गोष्ट थांबवली असती तर अब्बा संत झाले असते आणि माझं काम सोपं झालं असतं. पण अब्बा संत नव्हते, दुकानदार होते. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी दुकानातल्या एका नोकराला काढलं होतं. तो दर आठवड्याला साबणाच्या वड्या आणि चहाचे पुडे खिशात घालून न्यायचा आणि दुसरीकडे विकायचा. त्याच्या आईनं येऊन हातापाया पडलं तरी अब्बांनी त्याला परत ठेवलं नाही. म्हणजे अब्बांना चोरी कळत होती. डाळ नेणारी बाई आणि साबण नेणारा नोकर यांतला फरकही कळत होता. एकीनं त्या दिवसाच्या चुलीपुरतं नेलं होतं. दुसऱ्यानं धंदा मांडला होता.

आणि गोष्ट तिथं संपलीही नाही. दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली तेव्हा ती बाई दुकानात आली. पदराची गाठ सोडून तिनं पावभर डाळीचे पैसे गल्ल्यावर ठेवले. अब्बांनी वहीतली ओळ तिच्यासमोर काट मारून खोडली. ती गेली आणि पुन्हा कधीच आमच्या दुकानात आली नाही. गुजरीच्या दिवशी दिसायची तर रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायची. दोन-तीन वर्षांनी दिसेनाशी झाली. तिची उधारी फिटली, माझी आरोळी फिटली नाही. तिच्यावर कविता लिहायचा मी कितीदा प्रयत्न केला. प्रत्येक कवितेत मी दयाळू निघायचो. म्हणून एकही ठेवली नाही.

पुढं वाचायला लागलो तेव्हा माझ्याच धर्माच्या इतिहासात हा प्रश्न मला भेटला. चोराचा हात तोडावा, ही शिक्षा सगळ्यांना ठाऊक असते. आमच्यावर टीका करणाऱ्यांना जरा जास्तच ठाऊक असते. पण दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या काळात, हिजरी १८ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३९ च्या सुमारास, अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला. वारा राखेसारखी धूळ उडवत होता म्हणून त्या सालाला राखेचं साल म्हणतात. त्या सालात उमर यांनी चोरीची ती शिक्षा अमलात आणणं थांबवलं. लोकांना मिळेपर्यंत तूप आणि दूध त्यांनी स्वतःही वर्ज्य केलं. आधी स्वतःचं ताट कमी केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. भरल्या पोटी दिलेली माफी आणि रिकाम्या पोटी दिलेली माफी एकसारखी नसते.

त्यांचीच आणखी एक हकिगत इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या ग्रंथात आहे. हातिब नावाच्या गृहस्थाकडच्या गुलामांनी दुसऱ्या एकाची उंटीण चोरली आणि कापून खाल्ली. प्रकरण उमर यांच्यापुढं आलं. आधी त्यांनी शिक्षा फर्मावली. मग थांबले. त्यांच्या ध्यानात आलं की हे गुलाम उपाशी ठेवले जात असावेत. त्यांनी उंटिणीच्या मालकाला किंमत विचारली. तो म्हणाला, चारशे दिरहमला मागितली होती, मी दिली नव्हती. उमर यांनी हातिबला हुकूम केला, याला आठशे दे.

या निवाड्यात तीन माणसं आहेत. चोरी करणारा, ज्याचं गेलं तो आणि ज्यानं उपाशी ठेवलं तो. आपण बहुतेक वेळा पहिल्या दोघांचंच भांडण लावून देतो. चोराची बाजू घ्यावी की दुकानदाराची, असं विचारतो आणि तिसरा माणूस गर्दीत मागं उभा राहून मजा बघतो. उमर यांनी त्याला पुढं बोलावलं. चोरावर दया केली, मालकाची भरपाई केली आणि बिल उपाशी ठेवणाऱ्याला दिलं.

आता हीच गोष्ट मराठीत पाहा. मंगळवेढ्याचे दामाजीपंत कुणाला माहीत नाहीत? दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, माणसं मरायला लागली, तेव्हा दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं रयतेसाठी खुली केली. धान्य त्यांच्या मालकीचं नव्हतं. कायद्यानं पाहिलं तर ती सरकारी मालाची लूटच होती आणि पंतांना पकडून आणण्याचा हुकूमही सुटला. मग कथा सांगते की पांडुरंग विठू महाराचं रूप घेऊन बिदरला गेला, धान्याची पूर्ण किंमत मोजली आणि पावती घेऊन आला. लहानपणी मला चमत्कार फक्त विठ्ठल येण्याचा वाटायचा. आता वाटतं, विठ्ठलानं पैसे भरले ही गोष्ट मोठी आहे. देवालाही असं म्हणता आलं असतं की भुकेल्यांनी खाल्लं, विषय संपला. तो तसं म्हणाला नाही. त्यानं हिशेब चुकता केला.

मदिनेतला निवाडा आणि मंगळवेढ्याची कथा यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण दोन्हींत भुकेल्याला शिक्षा नाही आणि मालकाचं नुकसानही नाही. आमच्या अब्बांनी यांतलं काही वाचलं नव्हतं. त्यांनी वहीत ओळ लिहिली. तेही तेच होतं.

कायद्यानं मात्र या प्रश्नाकडं वेगळ्या नजरेनं पाहिलं. मेकॉलेनं १८३७ मध्ये भारतासाठी फौजदारी कायद्याचा मसुदा केला. तोच पुढं १८६० चा भारतीय दंड संहितेचा कायदा झाला. मसुद्याला जोडलेल्या टिपणांत मेकॉलेनं नेमका हाच विचार केला आहे. तो मान्य करतो की भूक काही वेळा शिक्षेपेक्षाही भयंकर असते आणि तेव्हा शिक्षेची भीती माणसाला अडवू शकत नाही. तरीही शिक्षा हवीच, असं तो म्हणतो. का? तर शिक्षेच्या भीतीनं माणूस आळस करणार नाही, मजुरी नशेत आणि जुगारात उडवणार नाही आणि मुळात उपाशीच राहणार नाही.

युक्तिवाद बिनतोड दिसतो. पण त्याच्या पायात एक गृहीत आहे, की जो उपाशी आहे तो आपल्या कर्मानं उपाशी आहे. भादव्यात काम मागायला दहा दारी जाऊन परत आलेल्या बाईला हे कसं लागू करायचं? तिनं मजुरी उडवली नव्हती, मजुरीच नव्हती. काम मिळण्याची खात्री असेल तिथंच मेकॉलेचं म्हणणं उभं राहतं.

आणि ही खात्री देण्याचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याच राज्यानं केला, याचा आपल्याला विसर पडतो. १९७२ चा दुष्काळ मला आठवत नाही, मी तेव्हा तीन-चार वर्षांचा. घरातल्या मोठ्यांकडून लाल मिलोच्या भाकरीचं वर्णन मात्र शंभरदा ऐकलं आहे. त्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, तलाव खोदायला गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्या काळात उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. २००५ मध्ये त्याच धर्तीवर देशभरासाठी कायदा आला. खडी फोडणं सुखाचं नव्हतं. पण ज्याला सरकारी कामावर जाता येतं त्याला परक्याच्या पोत्यात हात घालावा लागत नाही. पावसाळ्यात मातीची कामं थंडावत, आमचा भादवा तेवढा उघडा राही.

धान्याचंही तसंच. २००१ मध्ये देशातली सरकारी गोदामं भरलेली होती आणि माणसं उपाशी होती, म्हणून अन्नाच्या हक्काची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यायालयानं शाळेतल्या शिजवलेल्या जेवणापासून रेशनपर्यंतच्या योजना हा लोकांचा हक्क ठरवला. २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा आला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. म्हणजे दामाजीपंतांचं कोठार आता कायद्यानं उघडं आहे, असं म्हणता येईल.

मग आज कुणी डाळ किंवा तेल उचललं तर त्याला दया का दाखवायची? हा प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि तो चुकीचा नाही. त्यांना मी सांगतो, रेशनच्या थैलीत गहू असतो, तांदूळ असतो. तेल, मीठ, मिरची, लहान लेकराचं दूध बाजारातूनच आणावं लागतं. कुणाचं कार्डात नाव चढलेलं नसतं, कुणाचा खुरपून झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. आमच्या अमरावती-अकोल्यासह राज्यातल्या चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळायचं. २०२३ पासून त्याऐवजी खात्यात रोख रक्कम द्यायचं ठरलं, सुरुवातीला माणशी महिना दीडशे रुपये. दीडशे रुपयांत महिनाभर काय शिजतं, ते घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला विचारावं. आमच्याच जिल्ह्यातल्या मेळघाटात १९९३ पासून लेकरांच्या कुपोषणाची चर्चा चालू आहे. कोठार उघडं आहे, पण काहींच्या घरापासून त्याचं दार लांब आहे.

दुसरी बाजूही सांगतो. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत दिल्लीच्या जगतपुरी भागात एका फळवाल्याचे सुमारे तीस हजारांचे आंबे लोकांनी लुटून नेले. भांडण झालं, पाट्या उघड्या पडल्या, रस्त्यानं जाणाऱ्यांनी मिळेल तेवढे उचलले. कुणी हेल्मेटमध्ये भरून नेले. त्यांतल्या किती जणांच्या चुली थंड होत्या? ज्याचे गेले तो मात्र गरीब होता. पुढं ती चित्रफीत पाहून देशभरातल्या लोकांनी त्याच्यासाठी लाखो रुपये गोळा केले, ही त्यातली चांगली गोष्ट. पण तेव्हापासून दयेवर बोलताना मी जपून बोलतो. अन्न नेलं म्हणजे ते भुकेनंच नेलं, असं नसतं. भूक आणि फुकट यांच्यातला फरक पाहावाच लागतो.

उलट टोकही याच देशात आहे. २२ फेब्रुवारी २०१८ रोजी केरळातल्या अट्टप्पाडीत मधू नावाच्या आदिवासी तरुणाला तांदूळ चोरल्याच्या संशयावरून जमावानं पकडलं, हात बांधले आणि इतकं मारलं की तो गेला. बांधलेल्या माणसाबरोबर एकानं सेल्फी काढला. २०२३ मध्ये न्यायालयानं चौदा जणांना दोषी ठरवलं. केरळ साक्षरतेत पुढारलेलं, रेशनव्यवस्थेत नाव असलेलं राज्य. तरी तांदळाच्या मुठीसाठी माणूस मेला. कारण ‘चोर’ हा शब्द एकदा उच्चारला की पुढचं काम गर्दी करते. १९८२ मध्ये मी तो शब्द उच्चारला तेव्हा माझ्या मागं अब्बा होते. मधूच्या वेळी कुणी वही घेऊन बाहेर आलं नाही.

आणि हा शब्द सगळ्यांवर सारख्या वजनानं पडत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण गावाच्या मनातून झाला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ ज्यांनी वाचलं असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं ते आत्मकथन आहे. घरात दाणा नसणं, पोटासाठी हात मारणं आणि चोरी कुणीही केली तरी पोलिसांनी यांच्याच दारात येणं, हे सगळं त्यात आहे. माझ्या दुकानात त्या दिवशी एखाद्या मोठ्या घरच्या बाईनं मूठभर डाळ उचलली असती तर मी ओरडलो असतो का? मला वाटलं असतं, बाई दाणा बघतात.

कायदाही हळूहळू बदलतो आहे. इटलीत जिनोआ शहरात एका बेघर माणसानं चार युरोंचं चीज आणि सॉसेज चोरलं होतं. खालच्या न्यायालयानं त्याला सहा महिन्यांची कैद दिली. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. तातडीची भूक भागवण्यापुरतं थोडं अन्न घेणं हा गुन्हा नाही, असं म्हटलं. आपल्याकडे १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानं पहिल्यांदा चुकलेल्याला समज देऊन सोडण्याची सोय आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३०३ व्या कलमात म्हटलं आहे की चोरी पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. किंमत परत करणं इथंही आलं, बघा. फक्त भुकेचा उल्लेख त्यात नाही. का चोरलं, हा प्रश्न कायदा अजून विचारत नाही. तो आपल्याला विचारावा लागतो.

आता मागच्या वर्षीचं सांगतो आणि थांबतो. गावातल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. लग्नपत्रिका, मयतीची बातमी, संत्र्याचे भाव, सगळं त्यावर येतं. एका सकाळी तिथं एका दुकानाच्या कॅमेऱ्यातली फीत आली. एक बाई तेलाची पिशवी आणि बिस्किटांचा पुडा थैलीत टाकते, इकडंतिकडं बघते आणि निघून जाते. खाली लिहिलं होतं, ‘ओळखा पाहू.’ तासाभरात चाळीस जणांनी मत दिलं. मी स्टुलावरचा पोरगा पुन्हा पाहिला. आता त्याची आरोळी बाजारओळीत संपत नव्हती, हजार खिशांत जात होती.

दुकानदार तरुण मुलगा आहे, मला चाचा म्हणतो. मी त्याला फोन केला. म्हटलं, त्या तेलाचे पैसे मी देतो, फीत काढून टाक. तो जे बोलला ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण तेही ऐकायला हवं. म्हणाला, ‘चाचा, तुम्ही एका पिशवीचे द्याल. महिन्याले जे जाते त्याचे कोन देईल? बँकेचा हप्ता मलेच भरा लागते न. मी काही बादशा नाही.’ मी गप्प झालो. त्याचं खरं होतं. दया दुसऱ्याच्या गल्ल्यातून करणं फार सोपं असतं.

जरा वेळानं मी त्याला विचारलं, ती बाई कोण, तुला ठाऊक आहे? तो म्हणाला, नाही. तिच्याकडं खायला होतं की नव्हतं? म्हणाला, काय माहीत. मलाही माहीत नव्हतं, आजही नाही. ती भुकेली असेल, नसेल. पण आम्हा दोघांनाही माहीत नसताना गावाला तिचा चेहरा माहीत झाला होता. मी त्याला एवढंच म्हटलं की तेल तुझं आहे, जाब विचारायचा हक्कही तुझा आहे. तिला बोलाव, बाजूला घे, विचार. सवयीची चोर असेल तर ठाण्यात जा, मी अडवणार नाही. पण आधी विचार. विचारायच्या आधी दाखवू नको.

मग त्याला वहीची गोष्ट सांगितली. म्हटलं, दुकानात एक पान ठेव. तू एकट्यानं भरायचं नाही. आम्ही रमजानमध्ये जकात काढतो, कुणी अन्नदान करतं, कुणी वाढदिवसाला जेवणावळ घालतं. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. भुकेल्याला अन्न द्या, हे त्यांच्या शिकवणीत पहिलं आणि चोरी करू नका, हेही त्यांनी कीर्तनातून तितक्याच जोरानं सांगितलं. ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून यायची. पहिलं गावानं पाळलं तरच दुसरं भुकेल्याला सांगायचा तोंडभर हक्क गावाला मिळतो. तेव्हा गावानं त्या पानावर पैसे जमा करावेत आणि भादव्यात ज्याला अडेल त्याच्या नावानं दुकानदारानं माल द्यावा. तो फेडेल, न फेडेल.

तो म्हणाला, ‘लोक फसवतील, चाचा.’

म्हटलं, फसवतील. अब्बांनाही काहींनी फसवलं. त्या लाल वहीत न खोडलेल्या ओळी पुष्कळ होत्या. त्यांनी दुकान बुडालं नाही.

फीत त्यानं संध्याकाळी काढली. पानाचं विचारलं तर म्हणाला, ‘पाहतो.’ गावात ‘पाहतो’चा अर्थ बहुधा ‘नाही’ असाच असतो. पण कधीकधी तो ‘पाहतो’ असाही असतो. मी त्याच्या दुकानातून किराणा घेतो आणि दर वेळी गल्ल्याजवळ वही दिसते का बघतो.

श्रोतेहो, तुमच्या ओळीतही एखादं दुकान असेल. भादवा दर वर्षी येतो.